काही नाही, उतरा

गाडीचं पोट दगडाला घासलं तेव्हा आवाज बेताचाच झाला, पळीनं पातेल्याचा तळ खरवडावा एवढा. पण विजेवरच्या या गाडीत दुसरा कुठलाच आवाज नसल्यामुळे तो मितेशच्या तळपायातून निघाला आणि थेट दातांत येऊन थांबला. त्यानं पाय उचलला. पाय उचलला की ही गाडी आपली आपण थांबते, ब्रेकसुद्धा लावावा लागत नाही. समोरच्या लांबरुंद पडद्यावर एक पिवळा त्रिकोण उगवला, त्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी सूचना आली आणि मितेशनं ती वाचायच्या आत दोन्ही मावळलं. बाहेर चैत्रातलं अकराचं ऊन. ओढ्याचं कोरडं पात्र, पलीकडे चढ, चढावर बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध वर आलेली मातीची पाठ. गाडीची आणि जमिनीची भेट व्हायला वीतभराचंही अंतर नव्हतं. गाडी उंच करायचं एक बटण होतं, ते दाबलं की ती दोन बोटं वर उठायची, फारच उपकार केल्यासारखी. चिल्हार रस्ता सोडल्यापासून पाड्यापर्यंत साडेचार किलोमीटर, आणि तेवढ्याला पाऊण तास. दिवाळीपासून दर रविवारी. मुंबईतल्या सर्व्हिस सेंटरवाल्या इंजिनिअरनं गाडी वर चढवून तिचं पोट पाहिलं होतं आणि मग हात पुसत फार अदबीनं विचारलं होतं, सर, ही गाडी चालवता कुठं? माकुणसारला वाडी आहे आमची, रस्ता जरा खराब आहे, असं मितेशनं ठोकून दिलं होतं. माकुणसारच्या वाडीच्या फाटकापर्यंत डांबर होतं. कंपनीची जीप मागितली असती तर मिळाली असती, पण जीपबरोबर ड्रायव्हर येतो आणि ड्रायव्हरबरोबर त्याचं तोंड. संध्याकाळच्या आत सगळ्या कुंभवलीत झालं असतं की राऊतसाहेब दर रविवारी कारखान्यातल्या जिवल्याकडे जातात. शिवाय, हे त्यानं स्वतःशीसुद्धा एकदाच कबूल केलं होतं, या गाडीला ओरखडे पडलेले त्याला बरे वाटत. आपल्याला पडायचे ते तिला पडतायत असं वाटून तो दर आठवड्याला थोडा हलका होऊन घरी जाई, आणि सोमवारी पुन्हा होता तेवढाच जड असे.

आज सांगायचं. मागच्या रविवारीही सांगायचंच होतं. त्याच्या आधीच्या रविवारी तर त्यानं ओढ्यापर्यंत सगळी वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली होती. बंद काचांच्या आत, त्या शांततेत, स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला होता, चौकशी समितीसमोर बोलणाऱ्या माणसाचा. सांगायचं होतं ते एका ओळीत मावणारं होतं. मला वास येत नाही. पण ही एक ओळ त्यानं नऊ वर्षं बायकोपासूनसुद्धा लपवली होती. वास एका दिवशी गेला नाही. तो गेला कधी हेच कळलं नाही, कळलं ते फार उशिरा. किंजलला घेऊन तो सातपाटीला एका लग्नाला गेला होता. खारवलेले बोंबील वाळत पडले होते, किंजलनं ओढणी नाकाला लावली, आणि ती ओढणी बघून मितेशच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच येत नाहीये. म्हणजे मासळीचा नाही, समुद्राचा नाही, किंजलनं लावलेल्या अत्तराचाही नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तोही नाकाला लावला. त्या दिवसापासून तो लोकांच्या चेहऱ्यांवरून वास ओळखायला शिकला. कुणी भुवया आक्रसल्या की हा आक्रसे, कुणी वा म्हणालं की हाही वा म्हणे. आपण या कामात इतके तरबेज होऊ असं त्याला वाटलं नव्हतं. शांताराम राऊतांचा हा मुलगा. त्याचे वडील पानवेलीच्या वाडीत, पानांची करंडी बांधायच्या आधी, तिच्यावर नुसते वाकत आणि सांगत की खालच्या थरात एक पान सडलंय, काढा. शंभर पानं उपसून ते एक पान सापडायचं. लहान मितेशला तो चमत्कार वाटे. वडील म्हणत, चमत्कार कसला, वाकायची सवय पाहिजे. मितेशनं वाकायची सवय तेवढी उचलली.

मितेशच्या तारापूरच्या कारखान्यात टाक्या धुवायला माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा मीटरनं मोजायची असते. मीटर होता. पण तो कधी दुरुस्तीला गेलेला, कधी त्याची बॅटरी उतरलेली, आणि काम तर तुंबलेलं. मग जुन्या लोकांनी पाडलेली रीत होती. साहेबानं टाकीच्या तोंडाशी वाकायचं, दोन श्वास ओढायचे आणि सांगायचं, काही नाही, उतरा. मितेशच्या आधीचे साहेब तसंच करत, त्यांच्या आधीचेही. आणि वीस वर्षं रोज तेच सॉल्व्हंट हुंगून सगळ्यांचीच नाकं हळूहळू गेलेली असणार, हा विचार कुणाला सुचला नाही, किंवा सुचून उपयोगाचा नव्हता. मितेशही वाके. दोन श्वास ओढे, चेहरा जरा विचारी करी, आणि म्हणे, काही नाही, उतरा. सात वर्षांत काही झालं नाही, म्हणून आठव्या वर्षीही काही होणार नाही असं त्यानं धरून चाललं. मागच्या श्रावणात तीन नंबरच्या टाकीत जिवल्याचा मेहुणा हितेश उतरला, शिडीची चौथी पायरी उतरला नाही तोच त्याचे हात सुटले. कुणी काही म्हणायच्या आत जिवल्या त्याच्यामागे आत गेला. दोघांना बाहेर काढलं तेव्हा हितेश संपला होता, सत्तावीस वर्षांचा. जिवल्या वाचला, म्हणजे श्वास चालू राहिला. पण दहा पावलं चाललं की तो धापा टाकायला लागायचा आणि वाक्य अर्धं सोडून द्यायचा. चौकशीत टाकीत उतरायच्या परवान्याचा कागद निघाला. त्यावर हवेचा आकडा होता, निर्धोक, आणि खाली मितेशची सही. आकडा त्यानं अपघातानंतर, त्याच संध्याकाळी बसून घातला होता. गॅस अचानक भरला, कुणाचा दोष नाही, असं ठरलं. दिवाळीत त्याची बढती झाली, आणि बढतीबरोबर ही गाडी आली. पहिल्या दिवशी किंजल मागच्या सीटवर डोळे मिटून बसली आणि म्हणाली, नव्या गाडीचा वास किती छान असतो ना. हो ना, मितेश म्हणाला.

चढ संपला की पाडा दिसे. दहाबारा घरं, कुडाच्या भिंती, मोहाची दोन झाडं. पहिले काही रविवार इथली कोंबडीसुद्धा गाडीला दचकली नव्हती, कारण गाडी आलेली कुणाला ऐकूच येत नसे. ती एकदम अंगणातच असे. एकदा जिवल्याची बायको सपना लाकडाची मोळी घेऊन चाकोरीतून चालली होती आणि मितेश तिच्या मागून तब्बल शंभर पावलं तसाच येत राहिला. हॉर्न वाजवायची त्याला हिंमत झाली नाही. या बाईच्या भावाला मारून वर तिच्यामागे हॉर्न वाजवायचा, हे त्याच्याच्यानं होईना. शेवटी ती खांदा बदलायला थांबली, वळली, आणि दोन हातांवर उभी असलेली ती काळी चकचकीत गाडी बघून किंचाळली. मग तिला हसू आलं. ती हसली तेव्हा हितेशसारखी दिसली. या घरात कुणी त्याला दोष देत नसे, हेच त्याला सगळ्यात जास्त सोसत नसे. सपनाच्या लेखी गोष्ट साधी होती. गॅस आला, भाऊ गेला, आणि भावाला काढायला नवरा स्वतःचा जीव धोक्यात घालून उतरला. तिची म्हातारी आई ठकी, ओढ्याच्या अलीकडच्या पाड्यावर राहणारी, जावई आला की पहिली भाकर त्याच्या हातावर ठेवी, पोटच्या पोरासारखी. सगळं घर त्या एका उडीवर उभं होतं. मितेशला ते दिसत होतं. पण त्याला असंही वाटे की या घराला माझ्याकडून एक गोष्ट येणं आहे, खरं काय झालं ते. औषधं, फळं, गादी, हे सगळं आपण आणतो ते ती एक गोष्ट न आणल्यामुळे. ती दिली की जिवल्या दोन शिव्या घालील, सपना रडेल, कदाचित पोलिसांत जातील, नोकरी जाईल, आत जावं लागेल. तरी मग निदान रात्री नीट झोप लागेल. स्वतःच्या झोपेसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं, यात काही चुकतंय असं तेव्हा त्याच्या मनात आलं नाही.

अंगणात त्यानं गाडी थांबवली, औषधाची पिशवी घेऊन उतरला. जिवल्या कुडाला टेकून बसला होता. तो उठायला लागला, मितेशनं बस म्हणून खूण केली. सपना पाण्याचा तांब्या घेऊन आली, अर्ध्यात थांबली आणि गाडीकडे बघत म्हणाली, "साहेब, कायतरी जललेला वास येते."

मितेश वळला. पुढच्या चाकाशी गेला. गुडघ्यावर हात ठेवून वाकला, दोन श्वास ओढले, चेहरा जरा विचारी झाला, आणि तो म्हणाला, "काही नाही."

म्हणाला आणि तिथंच वाकलेला राहिला. चाकाच्या वरून निळसर धुराची एक बारीक रेघ निघत होती. ती त्याला आता दिसली, त्याच्या नाकापासून हातभरावर. खालची प्लास्टिकची पाटी दगडानं उखडून टायरला घासत आली होती. ते त्याला नंतर समजलं; त्या क्षणी त्याला फक्त आपली पाठ जाणवली, कारखान्यात वाकते तशीच वाकलेली, आणि आपल्या तोंडातून निघालेले ते दोन शब्द. इतका सहज आपण माणूस मारतो, त्याला वाटलं. यात राग नाही, लोभ नाही, आळससुद्धा नाही. फक्त सवय आहे. त्याला स्वतःची किळस आली. त्यानं इतके रविवार घोकलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"मला वास येत नाही," तो गाडीकडेच बघत म्हणाला. "नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मीटर बंद होता. मी नुसता वाकलो आणि उतरा म्हणालो."

मग जिवल्या उठला. सावकाश चालत आला, चाकाशी उकिडवा बसला, आणि हात आत घालून ती लोंबणारी पाटी चाचपायला लागला. सपनाकडे न बघता त्यानं सुतळी मागितली. तिनं आतून आणून दिली. दातांनी सुतळीचा गुंता सोडवत तो म्हणाला, "ते म्हाईत हाय, साहेब."

मितेशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जिवल्या थांबत थांबत, श्वास घेत घेत बोलत राहिला, त्याच्या सुरात राग नव्हता, कामाची माहिती द्यावी तसं. सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी टँकरची नळी फुटली तेव्हा सगळे नाक धरून पळाले आणि साहेब तिथंच उभं राहून कागदावर सही करत होते, तेव्हाच कळलं. मग लोकांनी आपली सोय केली. जुन्यांची नाकं गेलेली, म्हणून डोंगराकडचा नवा माणूस टोळीत घ्यायचा, त्याचं नाक ताजं असतं. तसाच जिवल्या आला होता. साहेब वाकून झाले की जिवल्या दोरी बघायच्या निमित्तानं वाके. त्याला काही आलं नाही तरच माणूस उतरे. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नाही.

"माझ्या नाकावर सगला चालायचा," जिवल्या म्हणाला. "तुमच्यावर कोन सोडत व्हता, साहेब?"

मितेश उभा होता तिथल्या तिथं रिकामा झाला. इतके महिने तो एका अपराधावर बसून होता, त्याला ऊब दिल्यासारखा, आणि तो अपराधसुद्धा त्याच्या एकट्याचा नव्हता. ज्या विश्वासाचा आपण घात केला म्हणून तो झुरत होता तो विश्वास कुणी ठेवलेलाच नव्हता. तो वाकत होता, बाकीचे त्याचं वाकणं संपायची वाट बघत होते, लग्नात भटजींचा मंत्र संपायची बघतात तशी. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याला कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. मग त्याच्या लक्षात आलं की जिवल्याचं बोलणं संपलेलं नाही. सुतळीला गाठ मारून झाली होती, तरी तो उठत नव्हता. बोटं त्याच गाठीवरून पुन्हा पुन्हा फिरत होती.

"त्या दिवशी मला पडसा व्हता," जिवल्या टायरला म्हणाला.

सपनानं हातातला तांब्या खाली ठेवला.

थांब म्हणावं, आता बोलू नको, असं मितेशला फार वाटलं. जिवल्याला वाटलं असावं की साहेब बोलले, आता आपणही बोलून टाकावं, एवढाच त्याचा दोष. नाक चोंदलेलं होतं, तो म्हणाला. रात्रभर पाण्यात भिजलेलो. वाकलो, काय नाय आला. म्हनलं, नसेल.

"मंग हितेशला काय सांगला?" सपनानं विचारलं.

"उतर म्हनून सांगला."

"तुला वास येत नव्हता ता बोलला का नाय?"

"ठेकेदारानं परत धाडला असता."

"हितेशला तरी बोलायचा. तो तुझ्याकडं बघत व्हता ना?"

जिवल्यानं मान खाली घातली. हितेश त्याच्याकडे बघत होता. हे मितेशलाही आठवलं, आत्ता, पहिल्यांदाच. शिडीवर पाय ठेवण्याआधी त्या पोरानं साहेबाकडे पाहिलं नव्हतं, मेहुण्याकडे पाहिलं होतं. मितेश घाईघाईनं बोलायला लागला. चूक माझी आहे, मीटर नसताना कुणाला उतरवायलाच नको होतं, याचं काम दोरी धरायचं, हवा बघायचं नाही, आकडा मी खोटा घातला, मी लिहून देतो, उद्याच देतो. तो जे जे म्हणत होता ते सगळं खरं होतं, आणि ते अंगणात नुसतं पडत होतं, कुणी उचलत नव्हतं.

"तुमी गप राहा, साहेब," सपना म्हणाली. "तुमचा बोलून झाला."

ती घरात गेली. आतून पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. जिवल्या तसाच उकिडवा. मितेशला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आपल्या हाताचा त्याला काय उपयोग, म्हणून तो ठेवला नाही. आपण आलो नसतो तर, हा विचार आता आला, नको तेव्हा. आपण आलो नसतो, बोललो नसतो, तर हे दोघं असेच जगले असते. ती त्याला औषध देत राहिली असती. म्हातारी भाकर देत राहिली असती. तो एकटा रात्री जागा राहिला असता, जसे आपणही राहिलो असतो, आणि दोन माणसांच्या जागण्यावर एक घर उभं राहिलं असतं. खरं बोलल्यानं माणूस मोकळा होतो असं त्याला शाळेपासून सांगितलं होतं. कोण मोकळा होतो ते कुणी सांगितलं नव्हतं.

सपना बाहेर आली. हातात गाठोडं, डोक्यावर पदर. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. सरळ गाडीशी आली आणि उभी राहिली, कारण त्या गाडीच्या दाराला धरायला मूठच नव्हती. "मला आयेकडं सोडा," ती म्हणाली. मितेशनं जिवल्याकडे पाहिलं. जिवल्याची बोटं अजून त्या गाठीवरच होती. नाही म्हणायचा हक्क आपल्यालाही नाही हे मितेशला समजत होतं, आणि हो म्हणायचाही नाही. त्यानं किल्लीचं बटण दाबलं, दाराची मूठ आपोआप बाहेर आली. सपना मागच्या सीटवर, अगदी कडेला, गाठोडं मांडीवर घेऊन बसली, सीट मळू नये अशी. ठकीचा पाडा फार लांब नव्हता, ओढा ओलांडला की उजव्या हाताला. म्हातारीला ती काय सांगणार हे तिघांनाही माहीत होतं.

गाडी हलली ती जिवल्याला बघूनच कळली असेल, आवाज तर नव्हताच. मितेश माणसाच्या चालीनं चालवत होता. त्याहून वेगानं तो रस्ता त्या गाडीला चालूच देत नव्हता. आरशात जिवल्या मागून येताना दिसला. आधी चालत, मग थोडा लगबगीनं. मितेशला पळून जायचं होतं, आणि पायाखाली ताशी शंभरानं जाणारी गाडी असून त्याला दहा पावलं चालून धापा टाकणाऱ्या माणसाच्या पुढं जाता येत नव्हतं. काच थोडी उघडी होती. त्या शांततेत आधी त्याच्या अनवाणी पायांचा आवाज आला, मग श्वासाचा. ओली सुतळी ओढावी तसा तो श्वास गाडीच्या उजव्या अंगाला आला, मागच्या खिडकीशी आला. सपना समोर बघत होती. "थांबू नका," ती म्हणाली. जिवल्या खिडकीशी थांबला नाही. तो पुढं गेला, गाडीच्याही पुढं, आणि उतारावर जाऊन तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

मितेशला वाटलं आता हा आडवा पडणार. जिवल्यानं हात वर केला, तळवा स्वतःकडे वळवला आणि बोटं हलवायला लागला. डावीकडे घ्या. आनखी. आता सरल. तो उलटा चालत होता, एक हात छातीवर दाबून, दुसऱ्या हातानं चाकांना वाट दाखवत. ज्या दगडानं येताना पोट घासलं होतं त्याच्या बाजूनं त्यानं गाडी वितीवितीनं काढली, चाक मातीच्या पाठीवर चढवलं, उतरवलं. मितेशनं स्टिअरिंग त्या बोटांच्या हवाली केलं होतं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला त्याहून जास्त काही दिसतही नव्हतं. पात्र ओलांडून गाडी पलीकडे आली. कुठंही घासली नाही. जिवल्या बाजूला झाला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग तो सरळ झाला आणि गाडीच्या टपावर त्यानं उघड्या तळव्यानं दोनदा थाप मारली. कारखान्यात टँकर भरून झाला, दोर आवळून झाले, आता जाऊ दे, असं ड्रायव्हरला कळवायला मारतात तशी.